ओळख

चुन्याच्या डबीत, कापसावर ठेवून
मुंजाजीनं प्रोसेसर आणलाय.
डबीच्या कडेला अजून पांढरं आहे.
"बोर्ड जळाला ताई, ह्यो जित्ता असंल.
नव्यावर चालतंय का बघा की."

उलटा करून उजेडाला धरते.
तेराशे एकतीस पाय, सोन्याचं पाणी दिलेले,
कोपऱ्यातला एक आडवा झालेला.
शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या नळीत तो घेते.
पाथरी रोडवरून ट्रॅक्टर चाललाय,
तो जाईपर्यंत थांबते.
मग उभा करते.

नवा बोर्ड जालन्याहून आला, कालच्या एस्टीनं,
कंडक्टरच्या सीटखालून;
खोक्याला कुणाच्या तरी पेरूंचा वास.
त्रिकोणाला त्रिकोण लावला.
जोर लागलाच नाही.
"बसला की!"
बसला. पंगतीत कुणीही बसतं, मुंजाजी,
वाढपी पुढं थांबतो का, ते बघायचं.

बटन दाबलं. पडदा काळा.
पंखा फिरतोय, म्हणून त्याला आशा आहे.
पंखा कुणासाठीही फिरतो.

मग कंपनीची यादी काढते.
बारीक अक्षर, नख ओळीओळीनं खाली.
नाव आहे.
पुढच्या रकान्यात लिहिलंय, अमुक आवृत्तीपर्यंतच.
"म्हंजी?"
म्हणजे बोर्डाच्या डोक्यात एक वही असते,
सोळा एमबीची. त्यात ज्याचं नाव, त्यालाच तो ओळखतो.
नवे आले, पानं पुरेनात,
जुन्यांची नावं खोडली.

मुंजाजी डबीचं झाकण लावतो, उघडतो.
"आमच्या मायचं रेशनला असंच झालं.
ठसे उमटंनात. माणूस म्होरं उभं,
अन् मशीन म्हणतंय न्हाई."
माय काय म्हणाली, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

वही मागच्या पानावर नेता येते,
पण त्याला बोर्ड जागा हवा,
आणि जागं करायला त्याच्या ओळखीचा कुणीतरी.

समोर तस्लीमचं दुकान.
दोन वर्षं आमच्यात बोलणं फक्त सुट्ट्या पैशांचं.
"तासभर प्रोसेसर देतीस? नव्यातला."
ती वर बघत नाही. चालू मशीन बंद करते,
स्क्रू काढायला लागते.
"विरजण मागाया आल्यागत आलीस," म्हणते.
"दिवेलागणीच्या आत आणून दे."

आता चार मिनिटं.
पट्टी सरकते. दहा टक्के. बारा.
सेलूत लाईटीचा भरवसा कुणी द्यावा,
इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या उन्हाळ्यातच बसली.
या घडीला गेली तर वही कोरी,
आणि एकोणचाळीसशे रुपयांचा बोर्ड
भिंतीला टांगायच्या कामाचा.
मुंजाजी दारातून डीपीकडं बघतोय.
वर कावळा आहे. "हाकलू का?"
"नको. कुणीच हलू नका."
एकसष्ट.
बासष्ट.
बासष्ट.
बासष्ट.

त्रेसष्ट.

पाहुणा काढला, जुना बसवला,
पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका
(मुंजाजी म्हणाला, चुनाच की),
बटन.
काळ्यावर पांढरं, त्याचं नाव,
आकड्यांसकट, पूर्ण.
मुंजाजी एकेक अक्षर वाचतो,
निकाल वाचावा तसा, बोट लावून.

झाकणाच्या आतून चिकटपट्टी लावते,
वर पेनानं लिहिते: अपडेट करू नये.
"कधीच?"
"कधीच. नवं शिकवलं की याला विसरतोय तो."
"मंग नवं आलं तर?"
याचं उत्तर चिकटपट्टीवर मावणारं नव्हतं.

तस्लीमचा प्रोसेसर पुसून, कागदात घेऊन निघाले.
ती बंद मशीनपुढं बसून
वेलची सोलत होती.
"वळखलं का माझ्याला तुझ्या बोर्डानं?"
"लगेच," मी म्हणाले.
आणि का कोण जाणे, तिथंच स्टुलावर बसले.
तिनं अजून लाईट लावली नव्हती.